पावणेदोनचा पलंग

ऑफिसात सगळे तिला मावशी म्हणत, कारण मालकीण तिला मावशी म्हणायची. आणि मालकीण तिला मावशी म्हणायची, कारण ती खरोखरच तिची मावशी होती, आईची धाकटी बहीण. वय छप्पन्न, गुडघे अधू, जीभ धडधाकट. भाचीने पंधरा वर्षांपूर्वी कंपनी काढली तेव्हा पहिली नोकरी मावशीला दिली. आईने दम भरला होता म्हणून दिली असं भाची म्हणायची. दुसरं कोणी एवढ्या कमी पगारात आलं नसतं म्हणून दिली असं मावशी म्हणायची. दोघींचंही खरं होतं.

कंपनीत माणसं आठ. काम एकच: मोठ्या दुकानांत वस्तूंखाली ज्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाट्या असतात, त्यांच्यावर किमती पाठवायच्या. दुकानदाराने मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर किंमत बदलली की क्षणभराने खुर्चीखालची पाटी बदलते. ऐकायला सोपं आहे. पण कॉम्प्युटरला किंमत म्हणजे नुसता आकडा. एक हजार सातशे पन्नास म्हणजे त्याच्या लेखी १७५०, चार अंक एकमेकांना चिकटलेले, ना स्वल्पविराम, ना चलनाची खूण. त्याला माणसात आणण्यासाठी अंकांमध्ये योग्य जागी स्वल्पविराम घालावा लागतो, पुढे खूण लावावी लागते, दशांश ठेवायचे की उडवायचे ते ठरवावं लागतं. हे सगळं करणारा कोडचा तुकडा मावशीने पहिल्याच महिन्यात स्वतःच्या हाताने लिहिला होता. उजवीकडून तीन अंक मोजायचे, स्वल्पविराम घालायचा, पुढे दोन-दोन मोजायचे. सदतीस ओळी. त्या सदतीस ओळींचा मावशीला जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या मुलीचाही नव्हता, आणि मुलगी हे जाहीरपणे बोलून दाखवायची.

तुकडा चांगला होता, पण अंगात खोड होती. एकदा एका दुकानाने सवलतीच्या पाट्या लावल्या, साडेचारशे वजा. मावशीच्या कोडने वजाबाकीची खूणही अंक म्हणून मोजली आणि दुकानभर ‘-,४५०’ झळकलं. आठवडाभर कोणाला पत्ता नाही. लोकांना वाटलं, नवी फॅशन असेल. मावशीने ठिगळ लावलं. मग दुसऱ्या चलनात किमती दाखवणारं गिऱ्हाईक आलं, तिथे खूण आकड्याच्या मागे. आणखी ठिगळ. मग दशांश नसलेलं चलन. ठिगळावर ठिगळ. पंधरा वर्षांत सदतीस ओळींच्या दोनशे बारा झाल्या आणि मावशी सोडून कोणी त्यांना हात लावेना.

दोन वर्षांपूर्वी कंपनीत एक दाढीवाला आला. बत्तीस वर्षांचा, घरी जुळ्या मुली, त्यामुळे डोळे कायम सुजलेले. पहिल्याच आठवड्यात त्याने मावशीचा तो तुकडा वाचला आणि म्हणाला, “मावशी, हे प्रोग्रामिंगच्या भाषेतच आयतं मिळतं.”

“काय आयतं मिळतं?”

“पैसे दाखवायची सोय. आकडा द्या, चलन सांगा, बाकी सगळं तीच करते. स्वल्पविराम, खूण, वजाबाकी, सगळं. एका ओळीत.”

“जेवणही आयतंच मागवतोस ना रे तू?” मावशी म्हणाली, आणि त्या दिवसापासून त्याचं नाव आयतोबा पडलं.

आयतोबा मात्र हटणाऱ्यातला नव्हता. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये तो हा विषय काढायचा आणि दर महिन्याला मावशी तो पाडायची. “दुसऱ्याने शिवलेलं मला अंगाला बसत नाही,” हे तिचं ठरलेलं उत्तर. भाची दोघांकडे बघून कपाळ चोळायची आणि पुढच्या विषयावर जायची.

आता मावशी हट्टी होती, पण बावळट नव्हती. एका शुक्रवारी तिच्या दोनशे बारा ओळींनी पुन्हा दगा दिला. एक फुकट मिळणारी उशी शून्याऐवजी नुसत्या खुणेने दाखवली गेली. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत, सगळे खाली गेल्यावर, तिने एकटीने ती आयती ओळ करून बघितली. आकडे टाकले. हजार, वजा साडेचारशे, शून्य, दहा लाख. सगळे बरोबर. वजावाले तर इतके सुबक आले की तिला रागच आला. तिने आपल्या दोनशे बारा ओळी पुसल्या, एक ओळ ठेवली, पाण्याचा घोट घेतला आणि बदल दुकानांच्या मशीनवर रवाना केला. कोणाला बोलली नाही. दोन वर्षं ज्याला ‘आयतोबा, आयतोबा’ म्हणून चिडवलं, त्याच्याकडे जाऊन ‘तुझं बरोबर होतं’ म्हणायचं म्हणजे चेष्टा नाही. सोमवारी बघू, असं तिने स्वतःला सांगितलं.

एक गोष्ट तिने बघितली नव्हती. ती आयती ओळ फार सभ्य असते. तुमच्या देशात आकडे कसे लिहितात हे तुम्ही तिला सांगितलं नाही, तर ती स्वतः ठरवत नाही. ज्या मशीनवर चालते त्या मशीनला विचारते. मावशीच्या मशीनने बरोबर सांगितलं. पण फर्निचरच्या तीन मजली दुकानातलं मशीन एका वायरमनने बसवलं होतं, आणि ‘देश कोणता’ असं मशीनने विचारल्यावर त्याने यादीतून आपल्या आवडत्या फुटबॉल टीमचा देश निवडला होता. त्या देशात टिंब आणि स्वल्पविराम यांची कामं उलटी आहेत. हजारानंतर टिंब देतात, आणि दशांशाला स्वल्पविराम. आजवर काही बिघडलं नव्हतं, कारण मावशीचा हाताने शिवलेला तुकडा कोणाला काही विचारतच नव्हता.

शनिवारी सकाळी साडेदहाला भाचीचा फोन आला. अर्धा स्टाफ शनिवारी यायचा, त्यात मावशी आणि आयतोबा होते. भाचीने स्पीकरवर घ्यायला लावलं.

“फर्निचरवाल्याकडे सोफा एक पूर्णांक दोन नऊ नऊला लागलाय! पलंग पावणेदोनला! हजाराच्या आतलं सगळं ठीक आहे, वरच्या सगळ्यांत टिंब! दुकानात माणसं मावत नाहीयेत. आयतोबा, तू आहेस का तिथे?”

“आहे.”

“दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस त्या आयत्या ओळीसाठी. शेवटी घुसडलीसच ना?”

आयतोबाने आपल्या स्क्रीनकडे पाहिलं. मग मावशीकडे पाहिलं. मावशी चहात चमचा फिरवत होती. चहात साखर नव्हती. तिला ती मनाच होती.

“बघतो मी,” आयतोबा एवढंच म्हणाला.

“बघतो काय बघतो! मावशी, तू जा बरं याच्याबरोबर. तुझं जुनं परत घाल आणि यापुढे त्याला हात लावू देऊ नकोस.”

“जाते,” मावशी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच भाचीने तिच्या कोडची बाजू घेतली होती, आणि तीही अशा दिवशी.

आयतोबा गाडी चालवत होता. मागच्या सीटवर दोन मुलांच्या खुर्च्या आणि चुरलेली बिस्किटं. मावशीने तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा म्हणाली, “काच जरा खाली कर.” दुसऱ्यांदा म्हणाली, “इथून डावीकडे जवळ पडेल.” तिसऱ्यांदा नुसताच श्वास सोडला.

दुकानात शिरल्यावर मात्र तिला क्षणभर सगळं विसरायला झालं. लोकांनी फर्निचर काबीज केलं होतं. प्रत्येक सोफ्यावर एक एक कुटुंब ठाण मांडून बसलेलं. सहा खुर्च्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती सहा जण, एकमेकांना न ओळखणारे, प्रत्येकाचा दावा पूर्ण टेबलावर. एक गृहस्थ कपाटात बसले होते, दार उघडं ठेवून, पाय बाहेर. कोणी विचारलं की म्हणायचे, “हे घेतलंय.” आरामखुर्चीत एक जण घोरत होता, त्याने बहुतेक किंमत वाचलीच नव्हती.

गल्ल्यावर घोळ वेगळा. गल्ल्यावरचं मशीन दुसऱ्या कंपनीचं, त्यात किमती बरोबर येत होत्या. त्यामुळे विकलं काहीच जात नव्हतं आणि हलत कोणीच नव्हतं. मधोमध डबल बेडवर एक अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई ताठ बसल्या होत्या. कानात ऐकण्याचं यंत्र, मांडीवर पर्स, आणि समोर दुकानदार, पन्नाशीचा, गोल, घामाघूम.

“बाई, ऐका ना,” दुकानदार म्हणत होता. “शेजारचा दिवा साडेआठशेला आहे. दिवा साडेआठशेला आणि पलंग पावणेदोनला, असं असतं का कुठे?”

“दिवा महाग लावलायस,” बाई म्हणाल्या. “तो मला नकोच आहे.”

त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि दुकानदार त्यांचा विद्यार्थी, हे तिथे जमलेल्या सगळ्यांना एव्हाना कळलं होतं, कारण बाई दर पाच मिनिटांनी ते सांगत होत्या.

मावशी आणि आयतोबा मागच्या खोलीत गेले. मशीन खोक्यांच्या ढिगाऱ्यामागे होतं. आयतोबाने सेटिंग उघडून देश दाखवला. मावशीने कपाळावर हात मारला.

“जुनं परत घालू या?” तिने विचारलं.

“कशाला? ओळ बरोबर आहे. फक्त देश तिथेच लिहून टाकायचा, मशीनला विचारायचंच नाही.” त्याने एक शब्द टाइप केला आणि बदल सोडला. “बाराशे पाट्या आहेत. हळूहळू जातील. अर्धा तास धरा.”

दोघे बाहेर आले तेव्हा पाट्या बदलायला लागल्या होत्या. एकेक पाटी काळी व्हायची, पांढरी व्हायची, आणि टिंबाच्या जागी स्वल्पविराम घेऊन शुद्धीवर यायची. दुकानभर हाहाकार झाला. “गेला! आमचा सोफा गेला!” एका बाईने पाटी दोन्ही हातांनी झाकली, जणू हातांनी बिनतारी लहरी अडतात. बोटांच्या फटीतून बघितलं आणि हात काढून घेतले. सहा जणांनी टेबल सोडलं, एकमेकांना नमस्कार करून. कपाटातले गृहस्थ सर्वात शेवटी बाहेर आले.

बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पर्समधून पाटी काढून वर धरली. १.७५०. शांत, ठळक.

“ही कशी नाही बदलली?” दुकानदार ओरडला.

“मी तिची बॅटरी काढली,” बाई म्हणाल्या. “कानातल्या यंत्राची आठवड्यातून दोनदा काढते, सवय आहे.”

त्या पाट्यांची गंमतच अशी आहे की वीज लागते ती आकडा बदलायला. एकदा उमटला की बॅटरी काढली तरी तो तसाच राहतो. मावशीने हे पंधरा वर्षं दुकानदारांना सोय म्हणून सांगितलं होतं.

दुकानदाराला आता राग काढायला कोणीतरी हवं होतं. तो आयतोबाकडे वळला. “हाच ना तो? यानेच केलं ना?” त्याने तिथल्या तिथे भाचीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळ्यांसमोर बोलला, “तुमचा तो दाढीवाला माझ्यासमोर उभा आहे. मला हा पुन्हा कुठल्याही मशीनजवळ दिसला तर आपला करार संपला.”

फोनमधून भाचीचा थकलेला आवाज आला. “बरोबर आहे तुमचं. त्याला सांगा, सोमवारपासून येऊ नकोस म्हणावं.”

आयतोबा जमिनीकडे बघत होता. मावशीला त्याच्या बुटावर बिस्किटाचा चुरा दिसला. का कोण जाणे, त्या चुऱ्याने तिचं अवसान परत आणलं.

“त्याने नाही केलं,” ती म्हणाली. “मी केलं.”

दुकानदाराने फोन तिच्यासमोर धरला.

“मावशी? तू?”

“मीच. काल, जेवणाच्या सुट्टीत. त्याची आयती ओळ चांगली होती म्हणून घातली. देश सांगायचा राहिला, ती चूक माझी.”

“मग सकाळी का नाही बोललीस?”

“लाज वाटली,” मावशी म्हणाली. तीस माणसांसमोर, लाकडाच्या पॉलिशच्या वासात, हे बोलताना तिचे कान तापले. पण बोलल्यावर गुडघेसुद्धा जरा हलके वाटले.

भाचीने “आपण नंतर बोलू” म्हणून फोन ठेवला. नात्यात ‘आपण नंतर बोलू’चा अर्थ काय होतो ते मावशीला चांगलं ठाऊक होतं.

पलंगावरून आवाज आला. “इकडे ये ग. मला नीट समजाव, झालं काय?”

मावशीने समजावलं. कित्येक देशांत टिंब आणि स्वल्पविराम उलटे असतात, हजाराला टिंब देतात, दशांशाला स्वल्पविराम.

“आणि ते चूक नाही?”

“नाही बाई. तिथे तेच बरोबर.”

“सगळ्या देशाचं?”

“बऱ्याच देशांचं.”

चौतीस वर्षं बाईंनी टिंब चुकलं की मार्क कापला होता, आणि तिकडे कोट्यवधी लोक खुशाल स्वल्पविराम देऊन बँका चालवत होते. “कोणी मला सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. मग मान वर करून दुकानदाराकडे पाहिलं. “पण तुझं उत्तर तेव्हाही चूकच होतं हं.”

“माहितीये बाई,” दुकानदार म्हणाला. त्याचा आवाज एकदम सातवीतला झाला होता. “टिंब एक घर उजवीकडे गेलं. एक मार्क गेला. त्या एका मार्काने नापास झालो आणि बाबांनी उचलून दुकानात बसवलं.”

“याच?”

“याच. तेव्हा एक खोली होती.”

बाईंनी वर पाहिलं. तीन मजले, काचेची लिफ्ट. “म्हणजे पास झाला असतास तर हे काहीच झालं नसतं. माझे आभार मानायचे राहिले तुझे.”

दुकानदाराने फोन खिशात घातला.

“वही परत दिली तेव्हा तू मला काय म्हणालास, आठवतं?”

“बाई, मनात बरोबर होतं, म्हणालो.”

“आणि मी?”

दुकानदाराने घाम पुसला. आता बोलणं कुठे चाललंय हे त्याला दिसत होतं, पण परतायला वाट नव्हती. “मी मन तपासत नाही, वही तपासते, म्हणालात.”

बाईंनी पाटी त्याच्यासमोर धरली. “मग ही वही कोणाची आहे?”

दुकानदाराने पाटी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग तो जो हसायला लागला तो थांबेचना. हसता हसता पलंगाच्या कडेला, बाईंच्या शेजारी बसला. “घेऊन जा, बाई. पावणेदोनला घेऊन जा. कटकट गेली.”

बाईंनी गल्ल्यावर दोन नाणी ठेवली. “पंचवीस परत.”

“सुटे नाहीत,” गल्ल्यावरची मुलगी म्हणाली.

“थांबते मी.”

शेवटी कपाटवाल्या गृहस्थांनी खिसा चाचपून सुटे काढून दिले. बाईंनी ते मोजून पर्समध्ये टाकले. मग मावशीकडे वळून म्हणाल्या, “तू तीस माणसांत चूक कबूल केलीस. माझ्या वर्गात एकानेही कधी केली नाही.” एवढं बोलून त्या लिफ्टकडे गेल्या. लिफ्टची गरज नव्हती, तळमजल्यावरच होत्या. बघायची राहिली होती म्हणून गेल्या.

मागच्या बाजूला जिथे ट्रक लागतात तिथल्या कट्ट्यावर मावशी टेकली. आयतोबा दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन आला.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“तुम्ही केलंय ते. सकाळी फोन चालू असतानाच बघितलं. प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचं नाव येतं, मावशी.”

मावशीने बाटली खाली ठेवली. “मग गप्प का बसलास? तुझी नोकरी चालली होती!”

“तुम्ही माझी ओळ वापरली होती. दोन वर्षांनी. मला ते इतकं आवडलं की म्हटलं ओरडा परवडला.” त्याने डोळे चोळले. “आणि मी काही संत नाही. तुम्ही आणखी दोन मिनिटं गप्प बसला असतात तर मीच बोंब मारणार होतो. घरी दोन मुली आहेत.”

“चुकलं माझं,” मावशी म्हणाली. “सकाळचंही, आणि दोन वर्षांचंही. तुझं बरोबर होतं.”

“पुन्हा एकदा म्हणा.”

“गाडी काढ.”

सोमवारी भाचीने दार लावून घेतलं आणि मावशीला अर्धा तास झाडलं. त्यातली वीस मिनिटं कामाबद्दल होती आणि दहा मिनिटं आईला हे कळलं तर काय होईल याबद्दल. मग तिने बाहेर येऊन सगळ्यांसमोर आयतोबाची माफी मागितली, ती तिने आजवर कोणाची मागितली नव्हती, त्यामुळे जरा रागावल्यासारखी ऐकू आली. शुक्रवारी कोणीही काहीही दुकानांत पाठवायचं नाही, असा नियम झाला.

पलंग बाईंच्या घरी पोचला, तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. हमाली पलंगापेक्षा कितीतरी जास्त झाली आणि ती बाईंनी एका शब्दाने न कुरकुरता दिली. आठवड्याने त्यांनी फोन केला की पलंग करकरतो. दुकानदार स्वतः पाना घेऊन गेला, चार स्क्रू आवळले आणि दोन तासांनी परत आला. काय बोलणं झालं हे त्याने सांगितलं नाही. मात्र मावशीच्या कंपनीशी करार त्याने पुढच्या तीन वर्षांसाठी केला.

मावशी आणि आयतोबा आता शेजारी बसतात. मावशीच्या जुन्या कोडमधले तुकडे एकेक करून उघडायचे आणि ठेवायचे की काढायचे ते ठरवायचं, असं काम त्यांना मिळालंय. पहिला महिना तारखांच्या तुकड्यावरच गेला. आयतोबा म्हणतो, हेही भाषेत आयतं मिळतं. मावशी म्हणते, मिळत असेल, पण आधी मला दाखव ते कोणाकोणाला काय काय विचारतं. मग तो दाखवतो, आणि दोघांचं जोरात भांडण होतं.